आईची मैत्रीण शोधायची आहे, तर आधी तिच्या भावाचा सातबारा शोधा

वाचकाचं पत्र

माझी आई ७४ वर्षांची आहे. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांची बदली राधानगरी तालुक्यातल्या एका गावी झाली होती आणि आई तिथे दुसरीपासून सातवीपर्यंत शिकली. त्या गावात तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. नंतर आजोबांची बदली कोल्हापूरला झाली, मैत्रिणीचं लग्न झालं, एक-दोन पत्रं आली आणि पुढे काहीच कळलं नाही. ते गाव काळम्मावाडी धरणात गेलं. गेल्या दिवाळीत आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला. आता ती बरी आहे, पण तेव्हापासून रोज त्या मैत्रिणीचं नाव काढते. "एकदा भेटव गं," म्हणते. आमच्याकडे माहिती आहे ती एवढीच: मैत्रिणीचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या थोरल्या भावाचं नाव, आणि 'सत्तर सालाच्या आसपास तिला शिरोळकडं, नदीकाठच्या गावात दिली' ही आईची आठवण. सासरचं आडनाव माहीत नाही. एका सरकारी कार्यालयात विचारलं, तर "असा कुणाचा पत्ता देता येत नाही" म्हणाले. ओळखीतला एकजण म्हणतो, पाच हजार द्या, आधारवरून पत्ता काढून देतो. द्यावेत का? सरळ मार्गाने शोधायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर

ताई, ते पाच हजार देऊ नका. आधारमधली माहिती परस्पर काढणं आणि ती दुसऱ्याला पुरवणं हा आधार कायद्याखाली, म्हणजे २०१६ च्या कायद्याखाली, गुन्हा आहे. त्या माणसाला खरंच तिथवर हात घालता येत असेल, तर तुम्ही एका गुन्ह्याचे पैसे भरताय. येत नसेल, तर तो तुम्हाला फसवतोय. आणि साठ वर्षांनी आईची मैत्रीण भेटणार, ती चोरून काढलेल्या पत्त्यावर, हे तुमच्या आईलाही रुचणार नाही. सरळ मार्ग आहे. थोडा लांबचा आहे, पण तुमच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढ्यावर तो निघतो.

कार्यालयात तुम्हाला जे उत्तर मिळालं त्यावर नाराज होऊ नका. आपल्याकडचं सरकारी दप्तर माणसाच्या नावाने लावलेलं नसतं. ते जमिनीच्या तुकड्यावर, घराच्या नंबरावर, जन्म-मृत्यूच्या तारखेवर लावलेलं असतं. "ही बाई सध्या कुठे राहते?" या प्रश्नाला कुठल्याच टेबलावर उत्तर नाही, आणि नाही हे बरंच आहे. एखादी बाई त्रासाला कंटाळून घर सोडून गेली असेल, तर तिच्या मागावर असलेल्याला कुठल्याही खिडकीवर तिचा पत्ता मिळता कामा नये. पण तुम्ही जाऊन म्हणालात, "अमुक गावचा, अमुक गटाचा वारसाचा फेरफार बघायचा आहे", तर तोच कारकून उठून कपाट उघडतो. (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची होणारी नोंद.) महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३२७ नुसार जमिनीचे नकाशे आणि अभिलेख कार्यालयीन वेळेत, ठरलेली फी भरून, कुणालाही बघता येतात. तुमचा शोध या दारातून जायचा आहे.

बायकांना शोधताना एक अडचण ठरलेली असते. लग्न झालं की आडनाव जातं, मधलं नाव जातं, आणि त्या पिढीत तर बऱ्याच घरांत पहिलं नावही बदलत. तुमच्या आईची मैत्रीण आज ज्या नावाने मतदार यादीत असेल, त्यातला एकही शब्द तुम्हाला माहीत नसण्याची शक्यता आहे. म्हणून तिला सासरच्या बाजूने शोधू नका. तिच्या भावाला शोधा. भाऊ नाव बदलत नाही, जमीन सोडत नाही, आणि धरणग्रस्त असेल तर सरकारने त्याची नोंद दोन-तीन ठिकाणी करून ठेवलेली असते.

आता गाव पाण्यात गेलंय, तर नोंद कुठे गेली? नोंद बुडत नाही, ताई. जमीन संपादन करताना प्रत्येक खातेदाराचा निवाडा होतो, म्हणजे कुणाची किती जमीन गेली आणि कुणाला किती मोबदला द्यायचा याचा आदेश. त्यानंतर पुनर्वसनासाठी संकलन रजिस्टर तयार होतं. धरणग्रस्तांच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. 'आमचं संकलन दुरुस्त व्हायचंय', 'संकलनात धाकट्याचं नाव राहिलंय', अशी वाक्यं तुम्हाला कुठल्याही वसाहतीत ऐकू येतील. या रजिस्टरात मूळ गाव, खातेदार, कुटुंबातली माणसं, गेलेली जमीन आणि त्याबदल्यात कुठल्या गावी किती जमीन दिली, हे सगळं एकत्र मिळतं. कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा पुनर्वसन शाखा आहे. पहिला दिवस तिथला. जाताना एका कागदावर मूळ गावाचं नाव, तालुका राधानगरी, प्रकल्प दूधगंगा (आपण सगळे काळम्मावाडी म्हणतो, पण कागदावर दूधगंगा असतं) आणि मैत्रिणीच्या वडिलांचं व भावाचं नाव लिहून न्या. विचारायचं एवढंच: या खातेदाराचं पुनर्वसन कोणत्या गावी झालं?

हे कळलं की निम्मं काम झालं, कारण पुढचा टप्पा घरबसल्या होतो. महाभूलेखच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबर माहीत नसला तरी पहिलं नाव, मधलं नाव किंवा आडनाव टाकून शोधता येतं. पूर्ण नाव टाकू नका. नोंदी संगणकावर चढवताना ऱ्हस्व-दीर्घ, रफार, काना-मात्रा यांचे घोळ इतके झालेत की पूर्ण नावाने बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. आधी नुसतं आडनाव टाका आणि यादी वाचून काढा. वसाहतीत मूळ गावचे लोक एकाच आडनावाचे पंचवीस निघतील, पण त्यात भावाचं आणि वडिलांचं नाव जुळणारा एखादाच असेल. भाऊ गेला असेल तर त्याच्या मुलांच्या नावात मधलं नाव त्याचं सापडेल. तिथे दिसणारा सातबारा बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये.

आता मुख्य गोष्ट. या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात. बहुतेक जण ते बघतच नाहीत. तुम्हाला हवी ती बाई त्या आकड्यांमागे आहे.

खातेदार वारला की वारस तलाठ्याकडे वर्दी देतात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तुम्ही तलाठीच विचारा.) ती वर्दी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढते, मग फेरफार होतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून हिंदू घरांत बापाच्या पश्चात मुलाबरोबर मुलगीही वारस आहे. त्यामुळे त्यानंतरच्या वारसाच्या नोंदीत लग्न झालेल्या मुलींची नावंही यायला हवीत, आणि पुष्कळदा येतात. नुसती नावं येत नाहीत, तर सासरच्या नावासकट, गावासकट येतात, कारण नोटीस पाठवायला पत्ता लागतो.

मी स्वतः असा एक फेरफार हातात धरलेला आहे. माझ्या वडिलांची एक मावसबहीण अशीच हरवली होती. तहसीलच्या अभिलेख कक्षात कारकुनाने लाल कापडाचा रुमाल सोडला (दप्तराच्या गाठोड्याला रुमालच म्हणतात), तशी आतून डांबरगोळ्यांचा वास आला. कागद कडांना तपकिरी पडलेला, मधे मात्र शाई अजून गडद निळी. 'सदर खातेदार मयत झालेने त्याचे सरळ वारस खालीलप्रमाणे' अशी सुरुवात. पहिल्या दोन ओळी भावांच्या. तिसरी बायकोची. आणि चौथ्या ओळीत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि त्यापुढे 'रा.' लिहून एका खेड्याचं नाव. दीड वर्ष आम्ही लग्नाच्या पत्रिका, जुने फोटो, कुणाकुणाच्या आठवणी यांत जे शोधत होतो, ते एका तलाठ्याने वळणदार अक्षरात केव्हाच लिहून ठेवलं होतं. मी ते नाव उतरवून घेताना माझा हात थरथरत होता, हे मला अजून आठवतं.

तुमच्या बाबतीत दोन शक्यता आहेत. मैत्रिणीचे वडील गाव उठल्यानंतर वारले असतील, तर वारसाचा फेरफार नव्या गावच्या दप्तरात असेल, आणि त्या गावच्या तलाठ्याकडे किंवा त्या तालुक्याच्या तहसीलात मिळेल. गाव उठण्याआधीच वारले असतील, तर तो मूळ गावच्या दप्तरात, म्हणजे राधानगरीच्या तहसीलात. रंकाळा स्टँडवरून राधानगरीची गाडी धरायची, नक्कल मागणीचा अर्ज लिहायचा, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्जात 'मौजे अमुक (दूधगंगा प्रकल्पात संपादित), मयत खातेदार अमुक यांची वारस नोंद, अंदाजे सन इतके ते इतके' असं लिहा. सालाचा अंदाज दिला की कारकुनाचंही काम हलकं होतं. नुसतं 'जुने फेरफार द्या' म्हटलं तर कुणीही टाळेल, आणि त्यात त्याची फार चूक नाही.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. बहिणीचं नाव त्या नोंदीत नसेलही. वारस लावताना बहिणींना वगळायचं, किंवा नाव लावून लगेच हक्कसोड लिहून घ्यायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही. भाऊबीजेच्या ताटात साडी ठेवायची आणि सातबाऱ्यावरून नाव काढायचं, यात बहिणीचं काय राहतं? पण तुमच्यापुरतं सांगायचं तर हक्कसोडपत्र झालं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असतं, आणि त्यात लिहून देणाऱ्या बहिणीचं पूर्ण नाव, वय, पत्ता असतो. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची पुस्तकं आणि सूची कुणालाही फी भरून पाहता येतात. म्हणजे फेरफारात नाव नाही म्हणून हताश होऊन परतू नका. त्याच फेरफारात 'हक्कसोडपत्र दस्त क्रमांक अमुक' असा उल्लेख आहे का, ते बघून मगच उठा.

शाळेचं काय, असं तुमच्या मनात येईल, कारण आईची आणि तिची ओळखच शाळेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेचं जनरल रजिस्टर कायम जतन करायचं दप्तर असतं. त्यात मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख मिळेल. शाळा गावाबरोबर उठली असेल तर ते रजिस्टर वसाहतीतल्या नव्या शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून जुनी जनरल रजिस्टरं आणि जन्म-मृत्यूचे गाव नमुना १४ धूळ झटकून बाहेर काढले गेले, पुष्कळ ठिकाणी स्कॅनही झाले. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी 'सापडत नाही' म्हटलेलं दप्तर आज सापडू शकतं. पण शाळेचा कागद तुम्हाला सासरचा पत्ता देणार नाही. तो आईसाठी बघा. एकाच पानावर दोघींची नावं खाली-वर असतील, तर ते पान आईला दाखवण्यासारखं आहे.

लग्नाच्या नोंदीच्या मागे लागू नका. त्या काळात खेड्यातलं लग्न कुणी सरकारदरबारी नोंदवत नव्हतं. वेळ जाईल.

फेरफारातून सासरचं नाव-गाव मिळालं की मतदार यादी कामाला येते, त्याआधी नाही. शिरोळ विधानसभा मतदारसंघाच्या यादीत गाव आणि मतदान केंद्र निवडा. यादी उघडली की नाव, नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक दिसेल. पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचं वय आणि जुळणारं नवऱ्याचं नाव असलेली बाई एका केंद्रात एखादीच निघते. तिथे नाव असणं म्हणजे ती बहुधा आहे, त्याच गावात आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या आकारणीच्या रजिस्टरात, त्या घराचा मालक कोण तेही कळतं. आपण शहरात ज्याला घरफाळा म्हणतो त्याचंच हे गावातलं रूप. पण खरं सांगू? तिथवर पोहोचलात की कागद बाजूला ठेवा. शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी साडेसहाला दूध संस्थेत उभं राहिलं, तर सचिवाला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं.

माहितीचा अधिकार शेवटी ठेवा. एखाद्या कार्यालयाने नक्कल द्यायला विनाकारण उशीर लावला तरच. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. त्यात 'या व्यक्तीचा पत्ता कळवा' असं लिहिलंत तर अर्ज फेटाळला जाईल, कारण दुसऱ्याची खासगी माहिती कायद्यानेच वगळलेली आहे. 'अमुक गावच्या अमुक सालच्या अमुक फेरफाराची प्रत' असं मागा.

आता एक अवघड गोष्ट, जी तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण तुमच्या मनात असणार. ती हयात नसली तर?

मतदार यादीत नाव नसेल, किंवा माहेरच्या नव्या फेरफारात 'मयत बहिणीचे वारस' म्हणून तिच्या मुलांची नावं असतील, तर मृत्यू नोंदवहीत शोध घेता येतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ नुसार फी भरून कुणालाही नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि दाखला मिळतो. फक्त त्या दाखल्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही. इथे बरेच जण चुकतात: मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. शिरोळ तालुक्यातला माणूस शेवटी मिरजेच्या दवाखान्यात गेला असेल, तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणलं असेल तर कोल्हापूर महापालिकेत. घरीच गेला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत. गावात नोंद नाही म्हणजे ती आहे, असा अर्थ काढून आईला काही सांगू नका. पूर्ण खात्री होईपर्यंत आईला यातलं काहीच सांगू नये, असं माझं मत आहे. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला दर आठवड्याला आशा दाखवायची आणि परत घ्यायची, हे बरं नाही.

आणि ती सापडली, ठणठणीत आहे, पत्ता हाती आहे असं झालं, तरी त्या दिवशी गाडी काढून दारात जाऊ नका. मला माहीत आहे, तुम्हाला तेच करावंसं वाटेल. पण जरा तिच्या बाजूने बघा. पंच्याहत्तरीची बाई, घरात मुलगे-सुना-नातवंडं. अचानक कोल्हापूरहून अनोळखी माणसं येतात आणि म्हणतात, आम्ही तुमचा पत्ता माहेरच्या जमिनीच्या कागदातून काढला. त्या घरात जमिनीवरून भावा-बहिणीत वाद झालेला असेल तर? 'ही सासूबाईंच्या माहेरची, हिस्सा मागायला आलेली माणसं' असं सुनेला वाटलं तर? आपण प्रेमाने जातो, पण जमिनीच्या कागदाचं नाव निघालं की कोल्हापूर जिल्ह्यातलं कुठलंही घर सावध होतं. तिला तुमची भेट हवी आहे की नाही, हे आधी तिला ठरवू द्या.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर तिचं नाव, माहेर, सासर टाकून 'कुणाला माहीत असल्यास कळवा' असंही करू नका. लोक मदत करतील, पण तिचं नाव नको तिथे फिरेल, आणि ते पुन्हा मागे घेता येणार नाही. काढलेले फेरफार, हक्कसोडाच्या प्रती यांचेही फोटो कुणाला पाठवू नका. त्यात भावांची, पुतण्यांची, सगळ्यांची नावं आणि जमिनी असतात. काम झालं की एक प्रत घरच्या कपाटात, बाकी फाडून टाका.

माझ्या दृष्टीने योग्य वाट भावाच्या घरातून जाते. तो तिचा माणूस आहे. धरणाच्या वसाहतीत जा, दिवसा जा, शक्य झालं तर कुणी बाईमाणूस बरोबर घ्या, आणि पहिलं वाक्य हे म्हणा की तुमच्या मूळ गावच्या शाळेत अमुक गुरुजी होते, मी त्यांची नात. धरणग्रस्त माणसाला मूळ गावचं नाव कुणी घेतलं की तो काय करतो, ते तुम्ही बघाल. घोंगडं टाकतील, चहा ठेवतील, आणि शाळा कुठे होती, वड कुठे होता, नदीचा घाट कसा होता हे सांगत बसतील. ऐका. घाई करू नका. तुमच्या आजोबांनी शिकवलेला एखादा म्हातारा त्या वसाहतीत असणारच. बऱ्याच उठलेल्या गावांनी आपली ग्रामदेवता सोबत आणलेली असते आणि यात्रेला माहेरवाशिणी येतात. यात्रा कधी असते ते विचारून ठेवा. तुमच्या आईला शिरोळपर्यंत नेण्यापेक्षा दोघींनी यात्रेला त्या वसाहतीतच भेटणं कदाचित जास्त सोपं जाईल, कारण तिथे तिला कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

भावाकडे, किंवा तो नसेल तर भाच्याकडे, एक बंद पाकीट द्या. आत आईचं पत्र. टाइप केलेलं नको. आईचा उजवा हात नीट चालत नसेल तर तिने सांगावं आणि तुम्ही लिहावं, पण शेवटी चार अक्षरं तिने स्वतः उमटवावीत, वाकडी आली तरी चालतील. पत्रात आजाराचं फार लिहू नका. भेटायलाच हवं असा आग्रह नको. आमचा फोन नंबर हा, वाटलं तर कर, नाही वाटलं तरी तू आठवतेस एवढं कळावं, इतकंच. मग दोन महिने थांबा. पुन्हा फोन करून 'पत्र दिलं का' असं विचारायचा मोह होईल, तो एकदाच पुरवा.

आणि एक. साठ वर्षांनी आलेल्या पत्रावर विश्वास ठेवणं सोपं नसतं, विशेषतः आजकाल, रोज कुणीतरी फोनवर नातेवाईक बनून पैसे मागतो तेव्हा. आईचं खरं नाव कुणालाही शोधून लिहिता येईल. शाळेत ती मैत्रीण तुमच्या आईला काहीतरी वेगळ्याच नावाने हाक मारत असणार, सगळ्याच मैत्रिणी मारतात. आज संध्याकाळी आईला ते विचारा, आणि पत्राखाली सहीच्या जागी तेच नाव लिहायला सांगा.